सातव्या बोअरची चौथी ओळ

“रन म्हणजे काय?” फर्नांडिस साहेबांनी मला तिसऱ्यांदा विचारलं.

“सांगितलं ना, साहेब. रन म्हणजे रन.”

“ते मला वाचता येतं. काय असतं ते सांगा.”

शुक्रवारची दुपार होती. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिघं आणि बाकी सगळा दगड. बाहेर वैशाखाचं ऊन, वर पत्रा तापलेला. फर्नांडिस साहेब उपड्या खोक्यावर रुमाल अंथरून बसले होते. पांढरी पँट, काळे बूट, मांडीवर जाडजूड डिक्शनरी. शेजारी आमचे कुलकर्णी साहेब, भूगर्भवाले, पुण्याचे, वय पंचविशीच्या आत. मी उभा. माझं मशीन बंद करून मला बोलावलं होतं, म्हणून मी आधीच तापलेला होतो.

मी ड्रिलर होतो. म्हणजे जमिनीला भोक पाडणारा. पाण्यासाठी नव्हे. धरण बांधायच्या आधी खाली खडक कसा आहे ते पाहायला बारीक भोक पाडत नेतात, त्याला बोअर म्हणतात. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जागोजागी धरणांची मोजमापं चालली होती. त्यातल्या एका धरणाची ही हकीकत आहे. नाव लिहीत नाही. धरण चांगलं उभं आहे, त्याला उगीच कुणी बोट लावायला नको.

माझं शिक्षण चौथी. सुलतानपूरची शाळा. पुढं शिकलो नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही. खाली रॉड फिरताना आवाज बदलला की खडक बदलला, हे मी कानानं शिकलो. इंजिनियर लोक मशीनपाशी आले की आधी माझ्या तोंडाकडं पाहायचे. मला त्याचा गर्व होता. आजही आहे. पण ही हकीकत त्या गर्वाचीच आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

आता रन काय ते सांगतो. लोखंडी नळी असते, तिला बॅरल म्हणायचं. तिच्या तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेले असतात. ती फिरवत खाली नेली की खडक गोल कापला जातो आणि नळीत दांडा भरतो, उसाच्या कांड्यासारखा. तो कोअर. पाच फूट खाली गेलं की बॅरल भरली. मग सगळे रॉड वर ओढायचे, बॅरल उघडायची, कोअर काढून लाकडी खोक्यात ओळीनं मांडायचा. बॅरल सोडल्यापासून रिकामी करेपर्यंत एक रन. खोक्याला पाच खाचा, एका खाचेत एक रन. पाच रन झाले की खोका भरला, पंचवीस फूट झाले. मग कुलकर्णी साहेब खोका पाहून कागदावर लिहिणार, इतक्या फुटांवर काळा कठीण, इतक्यावर भेगाळ, इतक्यावर मऊ लाल. त्या कागदाला लॉग म्हणतात. लॉगवरून धरणाचा पाया ठरतो.

हे लॉग इंग्रजीत होते. मेक्सिको देशाचे एक इंजिनियर आमचा काळा खडक पाहायला येणार होते. त्यांच्याकडंही ज्वालामुखीचा असाच खडक असतो म्हणे. त्यांना इंग्रजी जेमतेम, म्हणून मुंबईहून हुकूम आला की बाराही बोअरचे लॉग स्पॅनिशमध्ये करून ठेवा. त्यासाठी तिथूनच फर्नांडिस साहेब आले. मूळचे गोव्याकडचे, तरुणपणी वीस वर्षं जहाजावर काढलेली, बंदराबंदरांत स्पॅनिश शिकलेले. रेल्वेनं मलकापूरला उतरले, तिथून आमच्या जीपनं धूळ खात कॅम्पवर. दगडाचं त्यांना काही कळत नव्हतं. पण शब्दाच्या बाबतीत माणूस मोठा हट्टी.

“ह्या एका शब्दाला इथं अडीच पानं दिलीत,” त्यांनी डिक्शनरीवर बोट आपटलं. “माणूस धावला तरी रन. पाणी वाहिलं तरी रन. कारखाना चालवला तरी रन, नाक गळलं तरी रन, इलेक्शनला उभा राहिला तरी रन. इंग्रज एका कोटात सगळी लग्नं करतो. स्पॅनिशमध्ये प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. तुमचा ह्यातला कुठला?”

कुलकर्णी साहेब हसले. “कुठलाही टाका हो. महत्त्वाचे आकडे असतात.”

“कुठलाही असा शब्द नाही, मिस्टर कुलकर्णी. दर पानावर वीस वेळा लिहिलंय तुम्ही. मी चुकीचा टाकला तर तिकडचा साहेब समजेल की बुलढाण्यात दगड धावतात.”

मग ते माझ्याकडं वळले. “मला एवढंच सांगा. रन म्हणजे ते खाली जाणं, की जो दगड वर आला तो?”

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी जरा विचार केला. “दोन्ही. आधी जाणं. मग खोक्यात पडला की दगडच.”

“मग एक रन मला डोळ्यानं पाहू द्या. कुठं सुरू झाला, कुठं संपला. बोट लावून दाखवा.”

बोट लावून दाखवणारा माणूस मी नव्हतो. खोके भरायचं काम नामदेवचं. मी त्याला हाक मारली.

नामदेव माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही एका बांधावर ढोरं राखली. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला मशीनवर आणला होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण हात असा की बॅरलमधून मोडका, भुसभुशीत कोअर निघाला तरी तो तुकड्याला तुकडा जुळवून असा मांडायचा की सांधा दिसू नये. हजारभर फूट दगड त्याच्या हातून गेला असेल, आणि कुठला तुकडा कुठल्या भोकातला ते तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. तो हजेरीपटावरचा रोजंदार होता. कायमच्या नोकरीसाठी आमच्या कॅम्पवरून दोन नावं जाणार होती आणि कॅम्पचे मुख्य इंजिनियर, डेप्युटी साहेब, यांनी त्यातलं एक नामदेवचं लिहायचं कबूल केलं होतं. त्याच्या बायकोनं, पार्वतावहिनीनं, त्यासाठी शेगावला गजानन महाराजांना नारळ बोलला होता.

नामदेव धोतराला हात पुसत आला. “काऊन बोलावलं बे?”

“साहेबाले रन दाखव. सातव्या बोअरचा पहिला खोका काढ.”

सातवा बोअर मुद्दाम सांगितला. तो नदीच्या मधोमध होता, सगळ्यात चांगला कोअर त्याचाच. नामदेवनं खोका उघडून साहेबांसमोर ठेवला, दगडावर पाणी शिंपडलं, रंग उघडा पडला. मग उकिडवा बसला.

“हा पह्यला रन, साहेब. इथून चालू झाला.” वरच्या खाचेच्या डाव्या टोकाला बोट ठेवलं आणि उजवीकडं नेलं. “इथं सरला. मंग दुसरा इथून.” बोट तिथंच खालच्या खाचेत उतरलं, उजव्या टोकाला, आणि डावीकडं निघालं. “इथं सरला. तिसरा इथून. इकडं सरला. मंग चौथा.”

फर्नांडिस साहेब हातातली पेन्सिल त्याच्या बोटामागून हवेत फिरवत होते. ती थांबली.

“चौथा परत सांग.”

“हा काय. उजव्या अंगाले चालू झाला. काळा, काळा, काळा... अन् सरता सरता हा लाल लागला.” खाचेच्या डाव्या टोकाला पाऊण फुटाचा लाल मऊ तुकडा होता. पाण्यानं तो रक्तासारखा दिसत होता.

फर्नांडिस साहेबांनी लॉग उचलला. चष्मा वर सरकवला. “लॉगमध्ये लिहिलंय, चौथ्या रनच्या सुरुवातीला लाल. पंधरा फुटांवर. हा म्हणतो शेवटी. म्हणजे वीसच्या जवळ. मी कुठलं लिहू?”

मी वाकून चौथी खाच पाहिली. 

मला त्याच क्षणी सगळं दिसलं. दोन वर्षांपूर्वीचा पहिला खोका. नामदेवनं पहिली खाच भरली आणि विचारलं, “भाऊ, दुसरी ओळ कुठून लावू?” मी मशीनवर होतो. मागं न पाहता ओरडलो, “जिथं सरली तिथूनच वळव ना! वखर कसा वळवतो?”

शेतात वखराचा तास, म्हणजे एक ओळ, संपला की कुणी बैल रिकामे पहिल्या टोकाला नेत नाही. तिथंच वळवतो आणि परतीचा तास घालतो. आम्हाला दुसरी रीत माहीतच नव्हती. कुलकर्णी साहेब पुस्तक वाचणारे. ते प्रत्येक ओळ डावीकडून वाचायचे. आम्ही तास घालत होतो, ते ओळी वाचत होते. दोन वर्षं.

दोन खाचांमध्ये फुटांचे आकडे लिहिलेले लाकडी ठोकळे ठेवायची पद्धत असते. ठोकळे आले नाहीत म्हणून आम्ही बांबूच्या कोऱ्या कामट्या ठेवल्या. कुलकर्णी साहेब आल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, “रामभाऊ, खोके कसे भरायचे ते एकदा बसून ठरवू या.” मी म्हणालो होतो, “साहेब, खोका भरणं आमचं काम. तुम्ही लिहा.”  त्यांनी परत कधी विचारलं नाही.

पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या ओळीत काही बिघडत नव्हतं. दुसरी आणि चौथी तेवढी उलटी. बारापैकी तीन बोअरमध्येच लाल थर या उलट्या ओळींत आला होता, म्हणून चूक झाकून राहिली. पण ते तिन्ही नदीच्या पात्रातले.

लाल थर म्हणजे जुन्या काळच्या दोन खडकांत दबलेली माती. पाण्याला ती वाट देते. म्हणून धरणाच्या पोटाखाली खोल चर खणून तो थर तोडायचा आणि चर चिकण मातीनं ठोकून भरायचा, असं ठरलं होतं. लॉगमध्ये थर पंधरावर म्हणून चर सतरा फूट खणला. खणताना लाल लागलंच नाही. तेव्हा कुलकर्णी साहेब म्हणाले होते, “थर इथं संपलेला दिसतो. बरंच झालं.” सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. सोमवारी चर भरायला सुरुवात होणार होती.

“रामभाऊ,” कुलकर्णी साहेबांनी विचारलं, “हा काय म्हणतोय?” त्यांचा आवाज कोरडा झाला होता. रिपोर्टवर सही त्यांची होती.

आता खरं सांगायचं म्हणजे भर शेडात, मुंबईच्या माणसासमोर, मी म्हणायचं की चूक माझी. ज्याच्या तोंडाकडं इंजिनियर पाहतात तो मी. तोंडातून निघालं ते असं.

“त्याले काय समजते, साहेब. अंगठेबहाद्दर आहे. ओळी घोळल्या असतील त्याच्या.”

नामदेवनं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. मी काही विसरलो आहे आणि आता आठवेल, अशा नजरेनं पाहिलं. मी खोक्याकडं पाहत राहिलो.

मग तो हळू म्हणाला, “हाव साहेब. चुकलं असन माहं.”

कुलकर्णी साहेबांनी श्वास सोडला. “झालं तर मग. लॉग बरोबर आहे. लिहा पुढं.”

फर्नांडिस साहेबांनी पेन्सिल कानाला लावली आणि लॉग मिटला. “आज नको,” म्हणाले. “शब्द मिळाला नाही अजून.”

शनिवारी हजेरी झाली. डेप्युटी साहेब स्वतः आले होते. जाडजूड माणूस, बोलणं तुटक. कुलकर्णी साहेबांनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

“कोण तो खोके घोळणारा?”

नामदेव पुढं झाला.

“परदेशी माणूस येणार इथं. त्याच्यासमोर असा बोट नाचवशील तर खात्याची अब्रू काय राहील? उद्यापासून येऊ नकोस.” लगेच हजेरीपटावर नामदेवच्या नावावर आडवी रेघ मारली. यादीतलंही नाव गेलं, ते वेगळं सांगायला नको.

मी दहा पावलांवर उभा होतो. बोलायला तेव्हाही वेळ होता. मनाशी म्हटलं, सोमवारनंतर डेप्युटीचा राग उतरला की परत घेऊ त्याला. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

नामदेवनं जाताना आपलं पाणी शिंपडायचं टमरेल शेडच्या दाराशी उपडं ठेवलं. ते त्याच्या घरचं होतं. नेलं नाही.

रविवारी सुट्टी. सकाळी मी चरात उतरलो. ठेकेदाराचा कॉम्प्रेसर काठावर होता, हवेवर चालणारं हातातलं ड्रिलही होतं. कुणाला विचारलं नाही. कॉम्प्रेसर सुरू केला आणि सातव्या बोअरच्या बाजूला, चराच्या तळाशी, ड्रिल टेकवलं. खरं सांगतो, लाल निघू नये म्हणूनच मी ते भोक पाडत होतो. काळीच भुकटी येत राहिली असती तर नामदेव खरोखरच घोळला असं झालं असतं आणि मी मोकळा झालो असतो.

थोड्या वेळानं वर पाहिलं तर काठावर काळी छत्री. फर्नांडिस साहेब. आवाज ऐकून आले होते.

“चर्च लांब आहे इथून,” ते वरून ओरडले. “म्हटलं बघू या, मिस्टर ड्रिलर रविवारी कुणाची प्रार्थना करतात.”

मी ड्रिल रेटत राहिलो. एक फूट झाला. काळी भुकटी. दीड. काळी. दोन फूट. काळी. मला हायसं वाटायला लागलं. सव्वादोनच्या पुढं ड्रिलचा आवाज बदलला. एकदम बसका झाला. तो आवाज मला ओळखीचा होता. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा माझ्या पायांवर, हातांवर, सगळीकडं लाल भुकटी होती.

मशीन बंद केलं. फर्नांडिस साहेब जपून जपून शिडीनं खाली आले. पांढऱ्या पँटला माती लागली तरी झटकली नाही. लाल भुकटी चिमटीत घेतली.

“सतरा अधिक सव्वादोन. एकोणीसच्या वर,” ते म्हणाले. “माणूस घोळला असता तर इतकं सरळ बोट फिरलं नसतं, मिस्टर ड्रिलर. मी परवाच बघितलं. त्याचं बोट कुठं अडलं नाही. अडलात तुम्ही.”

“मीच शिकवलं होतं त्याले तसं.”

“मग हे मला कशाला सांगता? मी भाषांतरवाला. उद्या ज्याला सांगायचं त्याला सांगा. मी तोवर चौथी ओळ कोरी ठेवतो.”

सोमवारी सकाळी मातीचे ट्रक ओळीनं उभे होते. मी डेप्युटी साहेबांच्या तंबूत गेलो. कुलकर्णी साहेब तिथंच होते.

“साहेब, चर भरू नका. लाल थर खाली आहे. सव्वादोन फूट.”

“कुणी सांगितलं?”

“मी भोक पाडून पाहिलं काल.”

“कुणाच्या परवानगीनं?”

“कुणाच्याच नाही.”

“लॉग कुलकर्णींचा आहे. तुझं शिक्षण किती?”

“चौथी. पण खोका भरायची रीत माझी होती, साहेब. उलटी. नामदेवनं मी सांगितलं तसंच भरलं. शुक्रवारी मी खोटं बोललो.”

डेप्युटी साहेब बराच वेळ बोलले. ते सगळं लिहिण्यासारखं नाही. कुलकर्णी साहेब पांढरे पडले होते, पण एवढं म्हणेन की माणूस उठून थेट चराकडं चालत गेला, भोकापाशी पडलेली लाल भुकटी हातात घेऊन पाहिली आणि परत येऊन म्हणाला, “मला दहा दिवस द्या. सगळे खोके पुन्हा पाहतो.” नंतर त्यानं ते केलंही. सहीही पुन्हा स्वतःचीच केली. माझ्याशी मात्र तो पुढं कामापुरतंच बोलला. त्याची चूक नव्हती असं नाही. विचारून घ्यायला हवं होतं. पण विचारायला आला तेव्हा हाकललं कुणी होतं?

ट्रक परत गेले. चर आणखी चार फूट खणला. एकोणीसच्या पुढं लाल पट्टा लागला, या काठापासून त्या काठापर्यंत. तो तोडून मग भरला. मला मशीनवरून काढलं आणि स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवलं, वर्षभर. लांबून दुसऱ्याच्या हाताखाली मशीनचा आवाज ऐकू यायचा. कुठं चुकतोय ते कळायचं. जाता यायचं नाही.

नामदेवला परत घ्यायला डेप्युटी साहेब त्या सोमवारीच कुरकुरत कबूल झाले. “आण त्याला. पण यादीचं मी आता काही सांगत नाही.” दुसऱ्याच दिवशी मी सुलतानपूरला गेलो.

तो शेतात होता. वखर चालू होता. मी बांधावर उभा राहिलो. तो तास पुरा करून माझ्यापाशी आला, बैल थांबवले. पार्वतावहिनी बोरीखाली बसल्या होत्या. त्यांनी मला पाहून पदर ओढला आणि तोंड फिरवलं.

“नामा, चाल. साहेबानं बोलावलं. मी सांगतलं त्याइले सगळं.”

“काय सांगतलं?”

“चूक माही होती म्हणून.”

त्यानं वखराच्या लोखंडी फासाला लागलेली माती पायानं खरडली. “तुही होती का माही होती, मले माहीत नोतं, रामा. तू म्हणला तं मले वाटलं, असन बा आपलीच. चार रात्री मी तेच जुळवून राह्यलो. कुठं घोळलो, कुठं घोळलो.” मग माझ्याकडं पाहिलं. “तुले तं माहीत होतं.”

मी बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

“येतो का नाही?” मी विचारलं. आवाजात जोर आणून विचारलं. सवय.

“नाही.”

“काऊन बे? नोकरी आहे.”

“मले आता तुह्या हाताखाली दगड लावता येनार नाही. दर तुकड्याले वाटन, चुकला का.”

त्यानं कासरा ओढला. बैल तिथंच वळले. परतीचा तास सुरू झाला. मी तो तास संपेपर्यंत उभा होतो. त्या टोकाला जाऊन तो पुन्हा वळेल आणि माझ्याकडं येईल असं वाटलं. आलाही. पण बांधापासून दहा पावलांवर बैल वळवले आणि गेला. तो तुकडा त्यानं तसाच न वखरता सोडला.

पुढं गावच्या लग्नकार्यात आम्ही समोरासमोर आलो. रामराम व्हायचा. त्यापुढं नाही. सात-आठ वर्षांनी तो कावीळ होऊन गेला. मी खांदा द्यायला गेलो. पार्वतावहिनी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चर थांबला त्या उन्हाळ्यातच, कुलकर्णी साहेबांचे खोके पुन्हा पाहून झाल्यावर, फर्नांडिस साहेब मुंबईला परत गेले. जायच्या सकाळी ते स्टोअरमध्ये आले, हातात टाइप केलेले कागद.

“मिळाला शब्द,” म्हणाले. “मानिओब्रा.”

“म्हणजे?”

“एकदा खाली जाऊन, काम करून, वर येणं. पण मुळात मानो म्हणजे हात, ओब्रा म्हणजे काम. हाताचं काम. धावणं नाही, वाहणं नाही. हे तुमच्या रनला बसतं.”

मी मान हलवली. त्यांनी सातव्या बोअरचा कागद काढून एका ओळीवर बोट ठेवलं. खाली बारीक टीप होती. स्पॅनिश मला कळण्यासारखं नव्हतं. पण मशीनवरच्या पाट्या वाचून वाचून इंग्रजी अक्षरं मला लागत होती, आणि त्या टिपेत एक नाव मला लागलं.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“ओळींची दिशा नामदेव यांनी दाखवल्याप्रमाणे. कोअर त्यांनी मांडला.”

“हे कुलकर्णी साहेबांनी लिहायला सांगितलं?”

“नाही. भाषांतर करताना इतपत चालतं.”

मेक्सिकोचे इंजिनियर पावसाळ्यानंतर आले, खोके पाहिले, फोटो काढले, कागद घेऊन गेले. आमच्या ऑफिसातल्या दुरुस्त लॉगवर भूगर्भवाले म्हणून कुलकर्णी साहेबांचं नाव आहे आणि ड्रिलर म्हणून माझं. नामदेवचं नाव हजेरीपटावर होतं, त्यावर रेघ आहे. ते नीट लिहिलेलं आहे फक्त त्या एका कागदावर, समुद्रापलीकडं, जिथं तो कोण हे कुणाला माहीत नाही.

वर्षानं मला मशीन परत मिळालं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत जेवढे खोके माझ्या मशीनवर भरले, त्यांच्या प्रत्येक खाचेवर मी आधी स्वतः रंगानं बाण काढला, मग भरू दिलं. नवे साहेब हसायचे. म्हणायचे, “रामभाऊ, एवढं कशाला? सगळ्यांना माहीत असतं.” मी बाण काढत राहायचो. बाण काढायला चौथीसुद्धा लागत नाही. पहिल्या दिवशी काढला असता तर पाव डबा रंग लागला असता.